संपूर्ण बुद्धीचे शिक्षण आणि अर्धवट शाळा

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास नवीन पनवेलच्या कोणत्याही सेक्टरमध्ये क्षणभर उभे राहावे. लोकलने उतरलेली मंडळी स्थानकाकडून घरी परतत असतात आणि त्याच वेळी त्यांची मुले पाठीला दप्तर अडकवून घराबाहेर पडत असतात. ही मुले सहावी-सातवीतली. सकाळी शाळा, दुपारी गृहपाठ, संध्याकाळी गणित-विज्ञानाचा क्लास आणि आठवड्यातून दोन दिवस आणखी कसला तरी क्लास. मुलगा घरी येतो तेव्हा वडिलांचे जेवण आटोपलेले असते. दोघांची भेट होते ती बहुधा ‘आज काय शिकवले?’ एवढ्या एका प्रश्नापुरती, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते – ‘काही नाही.’

हे ‘काही नाही’ अंतर्मुख व्हायला लावणारे आहे. दिवसातले आठ-नऊ तास शिकण्यात घालवलेल्या, तरतरीत बुद्धीच्या मुलाला रात्री सांगावेसे वाटेल असे काहीच घडलेले नसते. हेच मूल तिसरीत असताना दिवसाला शंभर प्रश्न विचारत होते. चार वर्षांत ते प्रश्न कुठे गेले?

पालकांना याची जाणीव नाही असे नव्हे. म्हणूनच ‘सर्जनशीलता’, ‘उजव्या मेंदूचा विकास’, ‘संपूर्ण मेंदूचे शिक्षण’ असे शब्द जाहिरातींतून कानावर पडू लागले की त्यांचे पाय तिकडे वळतात. मुलाचे काही तरी राहून जाते आहे ही टोचणी खरी आहे. पण तिच्यावर जो उपाय विकला जातो, त्यातला बराचसा खोटा आहे. आणि जो उपाय खरा आहे, तो विकत मिळत नाही. तो शाळेच्या वर्गातच उभा करावा लागतो.

मेंदूच्या नावाने

मानवी मेंदूचे दोन गोलार्ध असतात आणि सुमारे २० कोटी मज्जातंतूंचा एक जाड पूल त्यांना जोडतो. अपस्माराचे झटके औषधांना दाद देत नाहीत, अशा काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेने हा पूल छेदण्यात आला. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. बहुतेकांत भाषेचे काम प्रामुख्याने डावा गोलार्ध करतो, तर आकृती, चेहरे आणि अवकाशाचे भान यांत उजव्याचा वाटा मोठा असतो, असे त्यातून दिसून आले. या कार्यासाठी स्पेरी यांना १९८१मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला.

संशोधन मोलाचे होते. पण प्रयोगशाळेतून बाजारात येईपर्यंत त्याचे रूप पालटले. डावा मेंदू म्हणजे हिशेबी कारकून आणि उजवा मेंदू म्हणजे कलावंत, अशी सोपी विभागणी झाली. १९७९मध्ये बेट्टी एडवर्ड्स यांचे ‘उजव्या मेंदूने’ चित्र काढायला शिकवणारे पुस्तक अमेरिकेत गाजले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत प्रशिक्षणाचे काम पाहणाऱ्या नेड हरमन यांनी ‘संपूर्ण मेंदू’ ही कल्पना व्यवस्थापकांच्या शिबिरांत रुजवली. तिथून ती शिक्षणात आली आणि पुढे क्लासच्या फलकांवर जाऊन बसली.

प्रत्यक्षात निरोगी माणसाचा मेंदू असा अर्धा-अर्धा चालत नाही. २०१३मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते २९ वर्षे वयाच्या एक हजारांहून अधिक व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. काही कामे एका बाजूला अधिक होतात हे त्यांत दिसले. पण एखादी व्यक्तीच ‘डाव्या मेंदूची’ किंवा ‘उजव्या मेंदूची’ असते याला आधार सापडला नाही. गणित सोडवणारे मूल आणि गाणे बसवणारे मूल, दोघेही दोन्ही गोलार्ध वापरतच असतात.

‘मध्यमेंदू जागृत करण्याचे’ वर्ग हा तर या बाजाराचा कळसच म्हटला पाहिजे. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल रंग ओळखते, पुस्तक वाचते, असे प्रयोग सभागृहांतून दाखवले गेले आणि त्यासाठी हजारो रुपयांचे शुल्क घेतले गेले. मुले नाकाच्या बाजूला राहणाऱ्या फटीतून पाहतात, हे विज्ञानवादी कार्यकर्त्यांनी वेळोवेळी उघड केले आहे. मध्यमेंदू हा मेंदूचा खरोखरीचा भाग आहे; डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे मान वळणे, जागे राहणे अशा कामांत तो गुंतलेला असतो. तो ‘निद्रिस्त’ असता तर मूल त्या सभागृहापर्यंत चालत आलेच नसते. या प्रकारातील आर्थिक फसवणूक एकवेळ सोसता येईल. परंतु बाराव्या वर्षी मुलाला फटीतून पाहून ‘दिसले नाही’ असे सांगायला शिकवणे, आणि त्या खोटेपणावर आईवडिलांनी टाळ्या वाजवणे, हा संस्कार कोणत्या घराला परवडणारा आहे?

‘संपूर्ण’ या शब्दाचा खरा अर्थ

बाजाराने शब्द भ्रष्ट केला म्हणून त्यामागची कल्पना टाकून देण्याचे कारण नाही. माणसाच्या शिक्षणात हात, डोळे, कान, वाणी, भावना, तर्क आणि कल्पना या सर्वांना काम मिळाले पाहिजे, हा विचार मेंदूच्या प्रतिमा निघण्याच्या कितीतरी आधीचा आहे. तैत्तिरीय उपनिषदातील अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय या पंचकोशांची मांडणी मनुष्याच्या समग्रतेचीच मांडणी आहे. २०२२च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिचा समावेशही झाला आहे. मात्र पंचकोशांची नावे फलकावर लिहिल्याने पंचकोश विकसित होत नाहीत. वेळापत्रकात त्यांना तास मिळावा लागतो.

आधुनिक मानसशास्त्राने हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सांगितली. १९५०मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे आपल्या विद्याशाखेचे लक्ष वेधले. एकाच अचूक उत्तराकडे नेणारा विचार आणि एका प्रश्नातून अनेक वाटा शोधणारा विचार, असा भेद त्यांनी मांडला. ‘पाचशे ग्रॅम म्हणजे किती किलो?’ हा पहिल्या प्रकारचा प्रश्न झाला. ‘तराजू नसताना अर्धा किलो तांदूळ कसे मोजाल?’ हा दुसऱ्या प्रकारचा. चांगल्या बुद्धीला दोन्ही यावे लागतात. आपल्या शाळा, आणि त्याहून अधिक आपल्या परीक्षा, केवळ पहिल्याची मशागत करतात. ‘अर्धवट शाळा’ म्हणायचे ते याच अर्थाने.

सांध्यावरची वर्षे

बालशिक्षणाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने अभिमान वाटावा असे काम केले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला व पुढे कोसबाडला वनवासी मुलांसाठी अंगणवाडी उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. लीलाताई पाटील यांनी १९८५मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू करून प्राथमिक वर्गांत आनंद आणि शिस्त एकत्र नांदू शकतात हे दाखवले. पुढे ज्ञानरचनावादाचे वारे जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांत पोहोचले आणि खडूने आखलेल्या जमिनीवर बसून मुले शिकू लागली.

परंतु हे बहुतेक प्रयोग चौथी-पाचवीपर्यंतचे आहेत. दुसरीकडे, नववी-दहावीचा विचार मंडळाची परीक्षा करते. मधल्या वर्गांना असा कोणी वालीच नाही. आपल्याकडे परंपरेने पाचवीला मूल ‘हायस्कुलात’ जाते; शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक म्हटले; २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच तीन इयत्तांना मध्यम स्तर असे स्वतंत्र स्थान दिले. नावे बदलली, तरी वर्गात काय घडते? एका शिक्षकाऐवजी सहा-सात शिक्षक, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, घंटा झाली की विषय बंद. विज्ञानाच्या तासाला शिकलेले उष्णतेचे वहन आणि भूगोलातले खारे वारे यांची गाठ कोणी घालून देत नाही.

नेमक्या याच वयात, अकरा ते चौदा वर्षांच्या काळात, मुलाच्या मेंदूची मोठी पुनर्रचना चाललेली असते. वापरात असलेली जोडणी बळकट होते, न वापरलेली गळून जाते, आणि नियोजन, संयम, विवेक यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग तर विशीपर्यंत घडत राहतो. अमूर्त विचार करण्याची, स्वतःच्या विचारावर विचार करण्याची शक्ती याच काळात उमलते. न्याय-अन्यायाचे प्रश्न याच वयात छळू लागतात. जे वय ‘असेच का?’ म्हणून विचारण्याचे, त्याच वयाला आपण ‘प्रश्नाखालील मोकळी जागा भरा’ म्हणून सांगतो. मग ते वय आपले प्रश्न मोबाइलच्या पडद्याकडे घेऊन गेले तर दोष कोणाचा?

प्रयोग झाले आहेत

हे सारे आदर्शवादी बोलणे आहे, प्रत्यक्षात जमणारे नाही, असे कोणी म्हणेल. पण ते जमवून दाखवणारी माणसे महाराष्ट्रातच होऊन गेली.

डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे हे मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १९६२मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९मध्ये प्रशाला सुरू झाली. तीही पाचवीपासून, म्हणजे नेमकी या सांध्यावर. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांताचा आधार घेऊन बुद्धीच्या विविध पैलूंची चाचणी आणि मशागत करण्याचे काम तिथे झाले. प्रकल्प, क्षेत्रभेटी, अभ्यासदौरे यांना तिथे अभ्यासाचाच दर्जा मिळाला. निगडीच्या नवनगर विद्यालयात पंचकोशाधारित गुरुकुलाचा प्रयोगही झाला. प्रबोधिनीची प्रशाला प्रज्ञावंत मुलांसाठी आहे, सर्वसामान्य शाळेला ते कसे साधावे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पाबळला मिळते.

पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. कलबाग हे उद्योगक्षेत्रातील नामांकित संशोधक. नोकरी सोडून ते खेड्यात येऊन राहिले. शाळेत मागे पडलेली मुले हाताने काम करू लागली की त्यांची बुद्धी चालू लागते, हा त्यांचा अनुभव होता. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आकाराला आला आणि माध्यमिक शाळांच्या आठवी ते दहावीच्या वर्गांपर्यंत गेला. आठवड्यातला एक दिवस मुले अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करतात. एखादा बाक दुरुस्त करायचा तर मोजमाप आले, अपूर्णांक आले, खर्चाचा अंदाज आला आणि काम चुकले तर ते कोणी सांगायची गरजही उरली नाही. बाकच डगमगून सांगतो. इथे गणित, विज्ञान आणि प्रामाणिकपणा एकाच तासाला शिकवले जातात.

होशंगाबादचा धडा

शेजारच्या मध्य प्रदेशातील एक उदाहरण अधिक बोलके आणि काहीसे कटू आहे. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ सरकारी शाळांत १९७२मध्ये सहावी ते आठवीच्या विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुले टोळ्या करून प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत आणि त्यांवरून निष्कर्ष स्वतः काढीत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती, कारण प्रश्न पाठांतराचे नव्हतेच. प्रयोगाची परीक्षाही वेगळी होत असे. पुढे ‘एकलव्य’ या संस्थेने हा कार्यक्रम शेकडो शाळांपर्यंत नेला. तो तीस वर्षे चालला आणि २००२मध्ये शासनाच्या निर्णयाने बंद झाला.

या कथेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, साध्या सरकारी शाळेत, साध्या शिक्षकांकडून, स्वस्त साहित्यात हे काम दशकानुदशके होऊ शकते. दुसरी अशी की, पालक आणि समाज ज्या शिक्षणाच्या पाठीशी उभे राहत नाहीत, ते कितीही चांगले असले तरी एका आदेशाने संपू शकते. शिक्षणातील सुधारणा शासनाच्या दारात सुरू होईल कदाचित. टिकते ती समाजाच्या दारात.

आक्षेपांचा विचार

या विषयावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा : मुलांना वाचता येत नाही, भागाकार येत नाही, आणि आपण सर्जनशीलतेच्या गोष्टी करतो! ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालानुसार २०१८मध्ये ग्रामीण भारतातील आठवीच्या केवळ सुमारे ४४ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. हे वास्तव भयंकर आहे. पण ही मुले काही सर्जनशील शिक्षणाने मागे पडलेली नाहीत. सात-आठ वर्षे फळ्यावरचे उतरवून घेऊनच ती इथवर आली आहेत. सृजनाने पाया कच्चा राहतो असे मानण्यापेक्षा, अर्थ न लागलेल्या अभ्यासाने तो कच्चा राहतो असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. मात्र उलट बाजूचाही अतिरेक नको. पाढे, शुद्धलेखन, कवितांचे पाठांतर यांना तुच्छ लेखणारे आधुनिक शिक्षणप्रेमी मुलांचे नुकसानच करतात. ज्याला तेरा सक्कम तोंडपाठ नाही, तो टक्केवारीचा डाव खेळणार कसा? आपल्या परंपरेने पाठांतर कधीच टाकले नाही. तिने पाठांतराला अर्थबोधाची आणि प्रयोगाची जोड दिली. जोड तुटली आणि घोकंपट्टी उरली, हे दुखणे आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वाधिक गंभीर आहे. एका वर्गात पन्नास-साठ मुले, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची अन्य कामे, ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा आणि वर पुन्हा ‘सर्जनशील व्हा’ असा आदेश. थकलेल्या शिक्षकाकडून उत्साहाची अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे. म्हणून कोणत्याही शाळेने पहिल्या वर्षी सर्व विषय बदलायला जाऊ नये. एक इयत्ता, दोन शिक्षक आणि आठवड्यातील दोन जोडतासिका एवढ्यावर आरंभ करावा.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. महाराष्ट्राने २०२३मध्ये पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली, आणि परीक्षा असणे हे काही पाप नव्हे. प्रश्न आहे तो परीक्षा काय विचारते याचा. परीक्षा बदलली नाही तर चांगली कल्पनाही कशी वाकते, हे पालक रोज पाहतात. मुंबईतील विज्ञान शिक्षक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीच्या मुलांकडून प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन करून घेते. उद्देश किती सुंदर! पण तिचेही क्लास निघाले. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून मुले सातवी-आठवीत चित्रे काढतात, आणि परीक्षा झाली की रंगपेटी माळ्यावर जाते. गुणांसाठी जवळ केलेली कला गुण मिळताच सोडून जाते.

गाढी नदीचा पाठ

मग करायचे काय? उत्तर नवीन पनवेलच्या अंगणातच आहे.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि रेल्वेमार्गाच्या पूर्वेला ही वसाहत आखली गेली. १९९८मध्ये उपनगरी गाड्या पनवेलपर्यंत आल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलवे टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे उठली आणि नव्या जागी बसली. एवढे मोठे परिवर्तन आपल्या डोळ्यांदेखत घडत असताना सातवीचे मूल भूगोलाच्या पुस्तकात दूरदेशीच्या नगरांची माहिती पाठ करते, याला काय म्हणावे!

माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी नदी पनवेलजवळून वाहत खाडीला मिळते. तिच्यावरील देहरंग धरण जुन्या पनवेल शहराला पाणी पुरवत आले आहे. सातवीच्या एका वर्गाने जून ते ऑक्टोबर हे पाच महिने या एका नदीचा अभ्यास करावा. शाळेच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस नोंदवला की सरासरी, आलेख, दशांश अपूर्णांक हे गणित आपोआप होते. पाण्याचे नमुने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तपासले की विज्ञान होते. नकाशा मोजपट्टीने काढला की भूगोल होतो. २६ जुलै २००५चा महापूर ज्यांनी पाहिला त्या आजी-आजोबांच्या, शेजाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या की इतिहासाची साधने कशी गोळा होतात आणि दोन साक्षी जुळल्या नाहीत तर काय करायचे, हे कळते. त्यांचे लेखन म्हणजे मराठीचा निबंध. नदीकाठच्या झाडा-पक्ष्यांची चित्रे म्हणजे कला. आणि हे सारे पालकांपुढे उभे राहून मांडणे म्हणजे वक्तृत्व. नदीत कचरा कोण टाकतो हा प्रश्न निघाला, आणि त्याचे उत्तर ‘आपणच’ असे आले, तर नागरिकशास्त्रही झाले.

अशा अभ्यासासाठी एका वर्गाचा खर्च तो किती? एक मोजपट्टी, काही बाटल्या, वह्या आणि दोन सहलींचे भाडे. मेंदू ‘जागृत’ करण्याच्या एका शिबिराच्या शुल्कात एका वर्गाची नदी सहज वाचून होईल.

२०२०चे धोरण सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवते. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे, अशी कल्पना आहे. रायगड जिल्ह्याला कारागिरांचा काय तोटा! पेणचे मूर्तिकार, उरणकडची मिठागरे, खाडीवर जाळे विणणारे कोळी बांधव, कर्नाळ्याच्या रानातील वनस्पती नावानिशी ओळखणारे ठाकर आणि कातकरी. बारा चौरस किलोमीटरच्या कर्नाळा अभयारण्यात वनवासी बांधवाबरोबर एक सकाळ घालवलेल्या मुलाला दोन धडे मिळतात. एक वनस्पतिशास्त्राचा. दुसरा असा की, ज्याला पदवी नाही त्याच्यापाशीही विद्या असते. समरसतेवरील दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते अशा एका सकाळी साधून जाते. हे दहा दिवस सहलीत आणि छायाचित्रांत संपवायचे की शिक्षणात मुरवायचे, हे मात्र प्रत्येक शाळेने ठरवायचे आहे.

घर आणि समाज

शाळेने हे करावे असे म्हणून पालकांना हात झटकता येणार नाहीत. रात्रीच्या ‘आज काय शिकवले?’ या प्रश्नाऐवजी ‘आज तू काय विचारलेस?’ असा प्रश्न घरात आला तर पुष्कळ काही बदलेल. वीज बिलाचा हिशेब, गणपतीच्या मखराची आखणी, घरच्या गळक्या नळाची दुरुस्ती, आजीच्या लोणच्याचे प्रमाण – ही सातवीच्या मुलाची कामे आहेत. ‘तू अभ्यास कर, बाकीचे आम्ही पाहतो’ असे प्रेमाने सांगणारे आईवडील मुलाच्या अभ्यासातलाच मोठा भाग काढून घेत असतात. आणि आठवड्यातील एक संध्याकाळ तरी कोणत्याही क्लासविना मोकळी असावी. रिकामा वेळ ही सृजनाची जमीन आहे. तिच्यावरही इमारत बांधली तर उगवायचे कुठे?

कार्यकर्त्यांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. नवीन पनवेल परिसरात ओएनजीसी, जवाहरलाल नेहरू बंदर, रसायनीचे कारखाने, बँका आणि शाळा-महाविद्यालयांतून निवृत्त झालेले अनुभवी लोक मोठ्या संख्येने राहतात. कोणी यंत्रे चालवली, कोणी जहाजांचा माल मोजला, कोणी तीस वर्षे हिशेब तपासले. त्यांतील प्रत्येकाने जवळच्या शाळेत आठवड्याला दोन तास दिले तर शिक्षकाच्या खांद्यावरचे ओझे हलके होईल. वर्गापुढे व्याख्यान द्यायला मात्र कोणी जाऊ नये. मुलांबरोबर काही तरी बनवायला जावे.

आणि हे दोन तास पहिल्यांदा कोणत्या शाळेला द्यायचे, हाही विचार व्हावा. सोसायटीतल्या मुलाला क्लास आहे, पुस्तके आहेत, प्रश्न विचारायला सुशिक्षित आईवडील आहेत. रेल्वेमार्गालगतच्या वस्तीतील, बांधकाम मजुराच्या घरातील किंवा वाडीवरून चालत येणाऱ्या मुलाला शाळेखेरीज दुसरे काहीच नाही. सर्जनशील शिक्षण ही संपन्न घरांची हौस ठरली आणि गरिबाच्या मुलाच्या वाट्याला मोकळ्या जागा भरणेच आले, तर समाजाची दोन शकले होतील. आज्ञा देणारे आणि आज्ञा पाळणारे, अशी ती विभागणी असेल. मेंदूचे दोन भाग वेगळे नाहीत हे विज्ञानाने सांगितले आहे. समाजाचे दोन भाग वेगळे पडू द्यायचे नाहीत, हे आपण ठरवायचे आहे.

आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५मध्ये पनवेलजवळच्या शिरढोणचा. त्यांचे नाव नाट्यगृहाला देऊन शहराने त्यांची स्मृती जपली आहे. पण शिरढोणच्या वाड्यासमोर उभे राहून सातवीच्या एखाद्या मुलीने ‘लष्करी हिशेब खात्यातल्या चाकरीत असलेल्या या माणसाला नोकरी सोडून बंड करावेसे का वाटले असेल?’ असा प्रश्न विचारला आणि उत्तर शोधायला ती स्वतः कागदपत्रांकडे वळली, तर ते स्मरण अधिक खरे ठरेल. त्या दिवशी रात्री वडिलांनी ‘आज काय शिकवले?’ म्हणून विचारले, तर ‘काही नाही’ हे उत्तर येणार नाही. ती बोलू लागेल, आणि जेवणाची ताटे वाळून जातील.